जमिनीकडे परतणारे सूर



बेळगावच्या परिसरात वाढलेल्या आमच्यासारख्यांस बॅगपाइप हे वाद्य अगदीच अनोळखी नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र १९२२ सालापासून या शहरात आहे, आणि भारतीय पायदळाच्या इतर पलटणींप्रमाणे तेथेही ड्रमच्या जोडीने पाइप वाजतात. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून आम्ही ते वादन प्रथम ऐकले. काखेत पिशवी, खांद्यावर उभ्या नळ्या, फुगलेले गाल आणि तालात पडणारी पावले, असा तो थाट होता. आमच्या शेजारी उभ्या असलेल्या एका आजीबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "अगं बाई, ही तर बकऱ्याच्या पोटातली सनई!" सारे हसले. पुढे सेमिनरीत असताना समजले की, आजीबाईंनी त्या वाद्याचे वर्णन फारसे चुकविले नव्हते.

हे वाद्य मूळचे कोणाचे, आणि लढाईवर जाणाऱ्यांच्या पुढे वाजणाऱ्या त्या सुरांत मधूनच रडू का ऐकू येते, हा प्रश्न तेव्हापासून मनात होता. २०२४ च्या उन्हाळ्यात ग्लासगो शहरातील एका धर्मग्रामात सहा आठवडे सेवा करण्याचा योग आला, तेव्हा शेवटचे आठ दिवस मोकळे मागून घेऊन आम्ही स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांकडे निघालो.

निघताना मनावर एक ओझेही होते, ते येथे सांगितले पाहिजे. त्या वर्षाच्या आरंभी आमच्या धर्मग्रामातील एका घरचा सहा वर्षांचा मुलगा तापाने दगावला. दफनविधीच्या वेळी आम्ही बोलावयास उभे राहिलो आणि चार वाक्यांपुढे आम्हांस काही सुचले नाही. प्रार्थना उरकली, माती लोटली, लोक पांगले. पुढे कित्येक दिवसांनी त्या मुलाची आई भेटली. तिने तक्रार केली नाही. "फादर, तुम्ही लवकर संपवलंत," एवढेच ती म्हणाली. ते वाक्य आमच्याबरोबर समुद्रापार आले होते.

ग्लासगोहून बसने उत्तरेकडे जाताना रस्ता प्रथम सरोवरांच्या काठाने आणि पुढे उघड्या डोंगरांमधून जातो. १९९५ साली बांधलेल्या पुलावरून आपण स्काय बेटावर उतरतो. या बेटाच्या वायव्येस डनवेगनचा किल्ला आहे. मॅक्लाउड कुळाच्या प्रमुखांचे हे शतकानुशतकांचे निवासस्थान. किल्ल्यासमोर समुद्राचा एक लांब फाटा आत शिरला आहे. त्याच्या पलीकडच्या तीरावर बोररेग नावाची लहानशी वस्ती आहे, आणि आमचे लक्ष किल्ल्यापेक्षा तिकडेच अधिक होते. ग्लासगोच्या यजमान फादरांच्या ओळखीच्या एका कुटुंबाने आम्हांस आपल्या मोटारीतून तेथे नेले.

बोररेगला पाहण्यासारखे काय आहे? हिरवा उतार, मेंढ्या, वारा, आणि दगडांचा एक गोल मनोरा. १९३३ साली उभारलेला हा मनोरा मॅक्रिमन घराण्याचे स्मारक होय. मॅक्लाउड प्रमुखांच्या पदरी या घराण्याने सुमारे तीनशे वर्षे, पिढ्यान्‌पिढ्या, पाइपवादनाचे काम केले. आपल्याकडे संस्थानिकांच्या दरबारी गवयांची घराणी असत, तसाच हा प्रकार. या ठिकाणी त्यांची शाळा होती, आणि दूरदूरच्या कुळप्रमुखांचे वादक येथे शिकावयास येत. पुरा वादक तयार होण्यास सात वर्षे लागतात, असे गेलिक लोक आजही म्हणतात. १७७३ साली डॉ. सॅम्युएल जॉन्सन हे प्रसिद्ध इंग्रज पंडित या बेटांवर येऊन गेले. त्यांनी आपल्या प्रवासवर्णनात मॅक्रिमनांच्या या विद्यालयाची नोंद केली आहे. मात्र तोवर त्याला उतरती कळा लागली होती.

आता त्या वाद्याविषयी दोन शब्द. पिशवी आणि नळ्या असलेली वाद्ये युरोपात अनेक देशांत आहेत. इटलीत तर नाताळच्या आधीच्या दिवसांत मेंढपाळ डोंगरांतून खाली शहरांत येऊन पवित्र मरियेच्या प्रतिमांपुढे आपले पिशवीवाद्य वाजवीत. आयर्लंडमध्ये कोपराने भाता चालवून, बसून वाजविण्याचा एक मृदू प्रकार आहे. २०१७ साली युनेस्कोने त्याची मानवजातीचा वारसा म्हणून नोंद केली. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात मात्र जो प्रकार रुजला त्याला गेलिक भाषेत 'थोरला पाइप' असेच म्हणतात.

याची रचना साधी, पण वादन कठीण. कातडी पिशवी काखेत धरावयाची, फुंकनळीने तीत हवा भरावयाची आणि हाताने दाबून ती हवा चार नळ्यांतून सोडावयाची. खांद्यावर टेकलेल्या तीन नळ्यांपैकी एक खर्जाची, दोन तिच्याहून एक सप्तक वरच्या. या तिघी आरंभापासून शेवटपर्यंत एकच सूर धरून राहतात. आपल्याकडे सनईवाल्याच्या शेजारी बसून सूर धरणारा साथीदार असतो, त्याचेच हे काम. चौथी नळी बोटांची. तिला चँटर म्हणतात. तिच्यातून नऊ स्वर निघतात, त्यांपलीकडे एकही नाही. स्वर लहानमोठा करता येत नाही. मध्ये थांबून क्षणभर शांतता ठेवता येत नाही, कारण पिशवीतील हवा वाहतच असते. मग एकच स्वर लागोपाठ दोनदा वाजवावयाचा तर कसा? त्यासाठी दोहोंच्या मध्ये निमिषमात्र दुसऱ्या स्वराचा स्पर्श द्यावा लागतो. आपले गवई ज्यास कणस्वर म्हणतात तोच हा. गरिबाच्या घरी मोजक्या भांड्यांत चांगला स्वयंपाक व्हावा, तशी या नऊ स्वरांत आणि अगणित कणस्वरांत सारी विद्या सामावली आहे.

या वाद्याचे संगीतही दोन प्रकारचे आहे. कूचगीते आणि नाचाच्या चाली यांस 'धाकटे संगीत' म्हणतात, आणि आपण संचलनात ऐकतो ते हेच. दुसरे 'थोरले संगीत'. त्यास पीबरॉख असेही नाव आहे. ते उभ्याने, संथ पावले टाकीत, एकट्यानेच वाजवावयाचे. कोणाचे स्वागत, कोणाचा गौरव, कुळाची हाक, आणि सर्वांत अधिक म्हणजे मृतांसाठी केलेले विलाप, हे त्याचे विषय. त्याच्या आरंभीच्या संथ भागास गेलिक भाषेत 'ऊर्लार' म्हणतात. ऊर्लार म्हणजे घराची जमीन, पायाखालची भुई. वादक प्रथम ही जमीन घालतो. नंतर तिच्यावर एकामागून एक आवर्तने येतात. प्रत्येकात तीच चाल कणस्वरांच्या अधिकाधिक दाट जाळ्यात गुंफली जाते, बोटे विजेसारखी चालू लागतात. आणि सारे शिगेस पोचल्यावर वादक पुन्हा त्या संथ पहिल्या जमिनीवर परत येतो. तेथेच वादन संपते. पंधरा-वीस मिनिटे हा प्रवास चालतो, आणि तो लवकर संपविण्याची कोणतीही युक्ती नाही.

बोररेगच्या त्या उतारावर उभे असताना आमच्या सोबतच्या गृहस्थांनी पॅट्रिक मोर मॅक्रिमनची हकीकत सांगितली. सतराव्या शतकाच्या मध्यास हा या घराण्याचा प्रमुख होता. परंपरा अशी सांगते की, एका रविवारी तो आपल्या आठ मुलांसह उपासनेस गेला. पुढे देवीची साथ आली, आणि वर्ष सरण्यापूर्वी त्या आठांपैकी सात मुलगे मातीआड झाले. त्यानंतर त्याने जो विलाप रचला त्याचे नाव 'मुलांसाठी विलाप'. पीबरॉखच्या साऱ्या भांडारात यापरते श्रेष्ठ काही नाही, असे कित्येक जाणते वादक मानतात. देवीचा रोग जगातून नष्ट झाल्याचे १९८० साली जाहीर झाले; तो विलाप मात्र राहिला. त्याला शब्द नाहीत. बापाला शब्द सुचले नसतील, असे आमच्या मनात आले, आणि दूरच्या आमच्या दफनभूमीतील तो लहानसा खड्डा आम्हांस आठवला.

या घराण्याने युद्धाचेही मोल दिले. १७४५ साली पदच्युत स्टुअर्ट राजवंशाच्या बाजूने डोंगराळ भागातील अनेक कुळांनी बंड केले. मॅक्लाउड प्रमुख सरकारच्या बाजूस राहिले. फेब्रुवारी १७४६ मध्ये मॉय येथे रात्रीच्या अंधारात झालेल्या एका चकमकीत सरकारी सैन्याची दाणादाण उडाली, आणि त्यात डोनल्ड बान मॅक्रिमन हा वादक मारला गेला. त्याच्या नावाचा विलापही बेटांवर आजतागायत वाजविला जातो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कलोडनच्या मैदानावर बंड चिरडले गेले. पकडलेल्यांपैकी जेम्स रीड नावाच्या पाइपवादकाने यॉर्कच्या न्यायालयात बचाव केला की, आपण शस्त्र धरलेच नाही, केवळ पाइप वाजविला. न्यायालयाने उत्तर दिले की, डोंगराळ भागाची पलटण पाइपवाचून कूच करीत नाही, तेव्हा पाइप हेही युद्धाचे शस्त्रच होय. नोव्हेंबर १७४६ मध्ये त्यास फाशी देण्यात आले. पुढे कायद्याने त्या लोकांचा पोशाख बंद केला, आणि ती बंदी १७८२ पर्यंत चालली. पाइपवरही बंदी होती असे पुष्कळदा लिहिले जाते, पण त्या कायद्यात पाइपचे नाव नाही. पाइपचे नुकसान बंदीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीने झाले. कुळप्रमुख लंडनच्या रीतीचे जमीनदार बनले. त्यांस भाडे हवे होते, वादक नको होते. मॅक्रिमनांची शाळा अशा रीतीने बंद पडली.

मग ही विद्या वाचली कशी? येथे आपल्या देशाचा एक धागा येतो. जोसेफ मॅकडोनल्ड नावाचा स्कॉटलंडच्या उत्तर टोकाचा एक तरुण १७६० साली ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीसाठी हिंदुस्थानाकडे निघाला. त्या लांबच्या जलप्रवासात त्याने पाइपवादनाचे पहिले शास्त्रीय पुस्तक लिहिले. थोड्याच वर्षांत तो येथेच तापाने वारला. त्याचे हस्तलिखित पुढे बंगालमध्ये दुसऱ्या एका स्कॉटिश अधिकाऱ्याच्या हाती लागले, मायदेशी गेले, आणि १८०३ साली त्याच्या भावाने ते प्रसिद्ध केले. आपल्या देशाच्या मातीत कोठेतरी त्या मुलाची कबर असावी. पुढे स्कॉटिश पलटणींबरोबर वाद्यही येथे आले. १८९७ साली वायव्य सरहद्दीवर डरगाईच्या चढावर जॉर्ज फिंडलेटर नावाचा वादक पायांस गोळ्या लागल्या तरी बसून वाजवीत राहिला, ही कथा प्रसिद्ध आहे. शीख, गुरखा, गढवाली अशा पलटणींनी हे वाद्य आपलेसे केले. गढवालात आज ते लग्नाच्या वरातीत वाजते, आणि पाकिस्तानातील सियालकोट शहरात हे पाइप मोठ्या संख्येने तयार होऊन जगभर जातात.

परंतु पुस्तक हे या विद्येचे खरे घर नव्हे. ते घर आम्हांस पुढच्या बेटावर दिसले.

स्कायच्या ऊइग बंदरातून बोट निघाली आणि पावणेदोन तासांनी नॉर्थ युइस्टच्या लॉकमॅडीला लागली. तेथून एकच रस्ता बांधांवरून, एका बेटावरून दुसऱ्यावर, दक्षिणेकडे जातो. बेनबेक्युला मागे पडले आणि साउथ युइस्ट सुरू झाले. डाव्या हातास काळे डोंगर, उजव्या हातास शंखशिंपल्यांच्या चुऱ्याने बनलेली सपाट भूमी आणि तिच्यापुढे अटलांटिक महासागर. जून महिन्यात त्या भूमीवर गवतापेक्षा फुलेच अधिक दिसतात. झाड औषधालाही नाही. आणि येथेच, रस्त्याच्या कडेला, दगडांच्या लहानशा कोनाड्यात पवित्र मरियेची मूर्ती आम्हांस दिसली. काही अंतरावर दुसरी, पुढे तिसरी. आपल्या गावाच्या वेशीवरील क्रूस पाहून परतणाऱ्यास जसे वाटते तसे आम्हांस वाटले.

साउथ युइस्ट, एरिस्के आणि बॅरा या बेटांवरील बहुतेक लोक परंपरेने कॅथोलिक आहेत. १५६० साली स्कॉटलंडने धर्म बदलला, तेव्हा या दूरच्या बेटांवर धर्मगुरू जवळजवळ उरले नाहीत. सतराव्या शतकात आयर्लंडहून फ्रान्सिस्कन धर्मगुरू लपतछपत येथे आले. संत व्हिन्सेंट डी पॉल यांनीही आपला एक आयरिश शिष्य, फादर डर्मट डुगन, येथे धाडला. तो १६५७ साली याच बेटांवर मरण पावला. भाषा एक असल्याने त्यांस येथील लोकांशी बोलता आले. रूव्हल नावाच्या टेकडीवर बाळ येशूला उंच धरलेली पवित्र मरियेची सुमारे नऊ मीटर उंचीची ग्रॅनाइटची मूर्ती आहे. ह्यू लोरिमर या शिल्पकाराने घडविलेली ही 'बेटांची माता' १९५७ सालापासून समुद्राकडे पाहत उभी आहे.

या बेटाची जमीन मात्र त्याच्या लोकांची नव्हती. १७७० च्या सुमारास येथील एका जमीनदाराने कुळांवर धर्म बदलण्याची सक्ती केली. तेव्हा कित्येक कुटुंबे १७७२ साली 'अलेक्झांडर' या जहाजाने आजच्या कॅनडातील प्रिन्स एडवर्ड बेटावर निघून गेली. पुढे बेट कर्नल गॉर्डन ऑफ क्लनी या जमीनदाराकडे आले. १८४६ पासून बटाट्याचे पीक रोगाने सडत गेले आणि लोक उपाशी पडू लागले. गॉर्डनला माणसांपेक्षा मेंढ्या परवडत होत्या. १८५१ साली त्याच्या माणसांनी लोकांस घरांतून ओढून काढून लॉकबॉइसडेलच्या बंदरात जहाजांवर चढविले. काही डोंगरांत पळाले, त्यांस धरून आणले. त्यांस कॅनडात कफल्लक अवस्थेत उतरविण्यात आले. कॅनडातील केप ब्रेटन बेटावर या देशांतरितांचे वंशज आजही गेलिक जाणतात आणि पाइप वाजवितात.

पाइपचे शत्रू केवळ जमीनदार नव्हते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात उत्तरेकडील प्रॉटेस्टंट बेटांवर धर्मजागृतीच्या लाटेत काही लोकांनी आपली वाद्ये पापाचे साधन म्हणून टाकून दिली. पण आयर्लंडमध्ये चौरस्त्यावरचे नाच मोडून काढणारे आणि वादकांस हाकलून देणारे आमचेच धर्मबंधू होते. साउथ युइस्टला या बाबतीत सुदैवाने दुसऱ्या वृत्तीचे धर्मगुरू लाभले. शेजारच्या एरिस्के बेटावरील फादर ॲलन मॅकडोनल्ड (१८५९–१९०५) हे त्यांपैकी प्रमुख. त्यांनी लोकांच्या गोष्टी, गाणी, म्हणी यांनी वह्यांमागून वह्या भरल्या आणि स्वतः गेलिक भक्तिगीते रचली. १९०३ साली त्यांनी बांधलेल्या चर्चसाठी मच्छीमारांनी एका रात्रीच्या मासळीचे सारे उत्पन्न दिले, असे तेथे सांगतात. त्याच वर्षी मुख्य भूमीवर पीबरॉखच्या रक्षणासाठी एक संस्था स्थापन झाली, आणि पहिल्या महायुद्धापूर्वीच तिने आपले शिक्षक साउथ युइस्टला धाडले. बेटावरील शेतकरी आणि मच्छीमार दिवसाचे काम आटोपून त्यांच्यापुढे शिकावयास बसत.

आमचा मुक्काम तेथील धर्मग्रामाच्या घरी होता. यजमान फादरांनी दुसऱ्याच दिवशी सायंकाळी आम्हांस एका वृद्ध वादकाच्या घरी नेले. स्वयंपाकघरात चूल पेटलेली, टेबलावर चहा, आणि त्या गृहस्थांची दहा-अकरा वर्षांची नात हातात केवळ चँटरची सरावाची नळी घेऊन बसलेली. पाइप खोक्यातच होता. आजोबा वाजवून दाखवीत नव्हते, तर ते गात होते. "हिहारिन," "हिओदिन," असे काही बोल संथ चालीत त्यांच्या तोंडून येत होते. नातीने तेच म्हणावयाचे, आणि मग नळीवर वाजवावयाचे. चूक झाली की आजोबा नुसते डोळे मिटून पुन्हा गात.

हे बोल निरर्थक नव्हेत. आपला तबलजी शिष्यास आधी "धा धिन धिन धा" तोंडाने म्हणावयास लावतो, तशीच ही पद्धत आहे. प्रत्येक बोलातील स्वरवर्ण मुख्य सूर सांगतो, व्यंजन कणस्वर सांगते. मॅक्रिमनांनी असेच शिकविले. १७९७ साली कॉलिन कॅम्पबेल नावाच्या एका वादकाने तर दीडशेहून अधिक विलाप आणि गौरवगीते या बोलांतच लिहून ठेवली. पुढे युरोपीय पद्धतीच्या स्वरलिपीत पुस्तके झाली. अँगस मॅके यांचे १८३८ सालचे पुस्तक त्यांत विख्यात आहे. "पण कागदावर सूर किती वेळ धरावा हे मावत नाही," असे ते आजोबा म्हणाले. "ते तोंडातून तोंडात जावं लागतं."

आम्ही भीतभीतच विचारले की, 'मुलांसाठी विलाप' ऐकावयास मिळेल काय? ते क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले. मग उठले, खोके उघडले आणि बाहेर आले. तो घरात वाजविण्याचा विषय नाही.

रात्रीचे दहा वाजले होते, तरी आकाशात उजेड होता. घरामागच्या गवतावर ते हळूहळू फिरू लागले. प्रथम तीन नळ्यांचा तो एकच सूर स्थिर झाला. मग जमीन आली. कसलाही आकांत नाही, ऊर बडविणे नाही. एखादा माणूस रिकाम्या घरात या खोलीतून त्या खोलीत जावा, तशी ती चाल दोन-तीन स्वरांपाशी जाऊन थांबे आणि परत येई. पुढे आवर्तने आली, बोटे वेगाने चालू लागली. पण खालचा सूर हलला नाही. शेवटी सारे ओसरले आणि ती पहिली चाल, जशीच्या तशी, परत आली. मात्र आता तीच चाल ऐकताना, मधे घडून गेलेले सारे काही तिच्यात होते. आम्ही घड्याळ पाहिले नाही. नातही दाराशी उभी राहून शेवटपर्यंत ऐकत होती. वादन संपल्यावर कोणी टाळ्या वाजविल्या नाहीत. आजोबांनी पिशवीतील हवा काढली आणि एवढेच म्हणाले, "याला घाई चालत नाही, फादर."

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. आपण त्या मुलाच्या कबरीपाशी का अडखळलो, ते आता थोडे कळले. आम्ही शब्द शोधीत होतो. आणि सापडेनात म्हणून निघून आलो. पॅट्रिक मोरने शब्द शोधले नाहीत. तो दुःखापाशी थांबला, त्याच्याभोवती पुन्हा पुन्हा फिरला, आणि अखेर जमिनीवर परत आला.

रविवारी गेलिक भाषेतील मिस्साला आम्ही उपस्थित राहिलो. भाषा कळली नाही, पण मिस्सा कळली. नंतर आवारात लोकांशी बोलताना त्यांची चिंताही कळली. पश्चिम बेटांच्या समूहात गेलिक बोलणारे २०११ साली शंभरांत ५२ होते, ते २०२२ च्या जनगणनेत ४५ वर आले. मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी मुख्य भूमीवर जातात, घरे सुटीतील पाहुण्यांस विकली जातात. चिंता आहे, तसे प्रयत्नही आहेत. बेटावर १९९६ पासून दर उन्हाळ्यात गेलिक संगीत आणि नृत्य यांची शाळा भरते, आणि तिला जगभरातून विद्यार्थी येतात. पूर्वी पुरुषांचेच मानलेले हे वाद्य आता मुलीही तितक्याच हौसेने शिकतात. आमच्या प्रवासानंतर, २०२५ साली, स्कॉटलंडच्या संसदेने कायदा करून गेलिक भाषेस अधिकृत भाषेचा दर्जा दिला.

आणि जमीन? निघण्यापूर्वी यजमान फादरांनी आम्हांस एक गोष्ट अभिमानाने सांगितली. २००६ साली बेटाच्या रहिवाशांनी आपली संस्था स्थापून साउथ युइस्ट, एरिस्के आणि लगतचा सुमारे ९३,००० एकरांचा प्रदेश जमीनदारांकडून विकत घेतला. ज्या जमिनीवरून १८५१ साली त्यांच्या पूर्वजांस ओढून नेले होते, ती आता त्यांची आहे. जे गेले ते परत आले नाहीत. मधली आवर्तने पुसली जात नाहीत. पण ज्यांच्या घराण्यात दर पिढीने जमिनीवर परत येणारी चाल मुलांस शिकविली, त्यांनी ही गोष्टही सोडून दिली नाही.

असो. गावी परतल्यावर एके सायंकाळी आम्ही त्या माउलीच्या घरी गेलो. या खेपेस प्रवचन तयार केले नव्हते. तिने चहा केला. मुलाविषयी बोलू लागली, थांबली, पुन्हा तेच सांगू लागली. त्यास निजविताना ती जी अंगाई म्हणत असे, ती तिने हलक्या आवाजात म्हटली, आणि थोड्या वेळाने पुन्हा म्हटली. आम्ही मध्ये बोललो नाही. देवळातील सायंकाळची घंटा झाली, दिवा लागला, शेजारची मंडळी येऊन बसली. निघावयास रात्र झाली. दारापर्यंत येऊन ती म्हणाली, "फादर, पुन्हा या."

आम्ही जाणार आहोत.